पाहून घेजो

जानराव खेळाडू होता का कसाई, असं कोनी माह्या जीपमधी बसून विचारलं तर मी त्याले आधी खाली उतरवतो. लोकायले उत्तर एका वाक्यात पाहिजे. इथी मानसाची पुरी जिंदगी गेली, आन यायले अमडापूर येईपर्यंत निकाल पाहिजे.

मी अविनाश. चिखली-अमडापूर जीप चालवतो. त्याच्या आधी बारा वर्षं चिखलीच्या आमच्या मंडळाच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर होतो, आन जानराव माह्या पुढचा बॅक. गोलकीपरले सगळ्यायच्या पाठीच दिसतात. जानरावची पाठ त्याच्या बायकोपेक्षा मले जास्त पाठ आहे. त्याचा डावा खांदा झुकला का मी समजून जात होतो, आता समोरच्याचं काही खरं नाही.

तो मूळचा अमडापूरचा. तिथी ग्राउंड कायचं आलं, जवारी काढल्यावर जे वावर मोकळं होये तेच ग्राउंड. जमिनीतून वीतभर धसकटं वर आलेली आन हे पोट्टे अनवानी. जो पडला तो रक्तानं माखूनच उठे. जानराव लहानपनीच एक गोष्ट शिकला, का बॉलच्या मांगं पळाची गरज नाही, मानूस पाडला का बॉल आपोआप भेटते. त्याच्या पोटऱ्यायवर धसकटाचे वळ होते, हात फिरवला तर हाताले लागत. समोरच्याच्या अंगावर किती होते, ते त्यानं कधी पाह्यलं नाही.

चिखलीले कॉलेजात आला तेव्हा अठरा वर्षांचा होता. मंडळ चालवत अर्जुनराव सर. ते दिवसा शाळेत इतिहास शिकवत आन संध्याकाळी ग्राउंडवर आम्हाले शिव्या देत. पहिल्याच दिवशी जानरावनं आमच्याच दोघायले लंगडं केलं, तिसऱ्याचा दात पाडला. सरानं तो दात मातीतून उचलला, कागदात बांधला, त्या पोट्ट्याच्या खिशात टाकला आन जानरावले म्हने, "एवढ्या जोरात जाले तुले कोनं सांगतलं बे?"

"तुम्हीच म्हटलं ना सर, अडव त्याले."

सर हसले. आम्हीबी हसलो. त्या दिवशी हसाले नको होतं.

त्याचं नाव पडलं सब्बल. खड्डा खोदाची लोखंडी सब्बल, जिथी मारली तिथी घुसते, कोनाले काही विचारत नाही. "सब्बल, आठ नंबर," एवढं म्हटलं का पुढची मॅच आठ नंबर लंगडतच खेळे. मलकापूरच्या एकाची बरगडी गेली, मेहकरच्या एकाचा जबडा. मेहकरवाल्यानं मॅच झाल्यावर याले बसस्टँडवर गाठून सायकलच्या चैनीनं मारलं. अर्धा कान फाटून लोंबत होता. जानराव कानाले रुमाल दाबून मले म्हने, "बरोबर आहे त्याचं. जबडा गेला त्याचा." राग त्याले कोनाचाच नव्हता, आन हीच गोष्ट मले लय उशिरा समजली. रागीट मानसाले थंड करता येते. याले राग नव्हताच. याले फक्त कोनीतरी सांगाले पाहिजे होतं.

मंग आली सत्त्यान्नवची फायनल. चिखलीतच होती, समोर देऊळघाट. त्यायचा सात नंबर धम्मरत्न. एकोनीस वर्षांचा, अंगानं काडी, पन बॉल त्याच्या पायाले असा चिकटून राहे का आमचे बॅक नुसते गोल फिरत. हाफटाइमच्या आधी त्यानं मले दोनदा फसवलं. दुसऱ्या वख्ती मी डावीकडे उडी मारली आन तो उजवीकडून चालत गेला. पळत नाही, चालत. सारी गर्दी हसली. मले लाज वाटली, आन खोटं काऊन बोलू, थोडी मजाबी वाटली. नागपूरच्या एका टीमचे दोन लोकं त्याले पाहाले आले होते. हे साऱ्या ग्राउंडले माहीत होतं.

हाफटाइमले आम्ही कडूलिंबाखाली बसलो. सर सुपारी कातरून राह्यले होते. अडकित्ता थांबला, वर पाह्यलं आन म्हने, "जानराव, त्या सात नंबरले पाहून घेजो."

आता राजेहो, तुम्हीच सांगा याचा अर्थ काय. आपल्या इकडे माय वावरात जाता जाता म्हनते, पावने आले तर पाहून घेजो. म्हनजे चहापानी विचार, काही कमी पडू देऊ नको. आन कोनी आडवा गेला तर आपन म्हनतो, पाहून घेईन तुले. म्हनजे हाडं मोडीन. सर ग्राउंडवर म्हनत तेव्हा त्याचा अर्थ होये, लक्ष ठेव, मोकळा सोडू नको. शब्द एकच. माय म्हनते तोच, गुंड म्हनते तोच.

जानराव एवढंच म्हने, "हाव सर."

दुसरा हाफ सुरू होऊन पाच मिनिटं नसन झाले. धम्मरत्ननं बॉल घेतला, आमच्या दोघायले काढलं आन सरळ माह्याकडे आला. जानरावचा खांदा झुकला. मी ओरडलो, "जान्या, बॉल घे." तो दोन्ही पायानं गेला, बूट वर, गुडघ्याच्या बरोबर खाली. जवारीचं वाळलं धांडं मोडते तसा आवाज आला. धम्मरत्न पडला तेव्हा त्याचं पाऊल उलट्या बाजूले होतं आन मोजा फाडून हाड बाहेर आलं होतं. तो आधी ओरडला नाही. त्यानं पायाकडे पाह्यलं, मंग जानरावकडे पाह्यलं, आन मंग ओरडला. तो आवाज मले अजूनबी जीप चालवता चालवता ऐकू येते.

देऊळघाटच्या लोकायनं मांडवाच्या बल्ल्या उपटल्या. पहिला दगड रेफ्रीच्या डोक्यात बसला, दुसरा माह्या भुवईवर. आमच्या लेफ्ट बॅकचा हात कोनीतरी बल्लीनं मधातून मोडला. जानराव तिथीच उभा, धम्मरत्नच्या पायापाशी. सहा-सात जनायनं त्याले पाडून तुडवलं. त्यानं वाचासाठी हातबी वर केला नाही. नाक फुटलं, दोन बरगड्या गेल्या. पोलिसायनं लाठ्या घातल्या तेव्हा कुठं लोकं त्याच्यावरून उठले.

दवाखान्यात सर साऱ्यायसमोर म्हने, "मी पाहून घेजो म्हटलं. लक्ष ठेव म्हटलं. मोड असं म्हटलं नाही."

जानराव नाकाच्या पट्टीतून म्हने, "सरानं सांगतलं."

चौकशीवाल्यायनं मले विचारलं, सर नेमकं काय म्हटले आन कसं म्हटले? मी त्या वख्ती सरायच्या तोंडाकडेच पाहून राह्यलो होतो. त्यायले भेव वाटत होतं, कप जाईन म्हनून. भेलेल्या मानसाले आपल्याच बोलन्याचा अर्थ माहीत नसते. पन हे सांगाची माह्यात हिंमत नव्हती. मी म्हटलं, मले ऐकू नाही आलं. सर आता नाहीत. ते खोटं माह्यापाशीच राह्यलं, आन त्याची मले शरम वाटते.

धम्मरत्नचं नागपूर तिथीच संपलं. पायात लोखंडी पट्टी बसली, पाय दोन बोटं आखूड झाला. आन जानरावचं काय झालं म्हनता? एक वर्ष बंदी झाली, आन मंग त्याचा भाव वाढला. दुनिया अशी आहे. अकोला, जालना, भुसावळ, जिथी फायनल असन तिथून त्याले निरोप येये. नवीन बूट, मटनाचं जेवन, आन कानात एक नंबर. याले पाहून घेजो. आन तो पाहून घेये. एकाचा घोटा, एकाचं खांद्याचं हाड, एकाचे समोरचे चार दात. सात वर्षं हे चाललं. मले त्याचा तिटकारा येये आन मी त्याच्यासंगच जात होतो, कारन त्याच्या पुढं उभं राहाची कोनाची छाती नव्हती आन माह्या अंगावर गोल होत नव्हते. मी काही साधू नाही.

जालन्याकडच्या एका मॅचमधी दोघायनं ठरवून त्याचा गुडघा मधात घेतला. एकानं बॉल पुढं ठेवला, दुसऱ्यानं बाजूनं उडी मारली. गुडघा दार उघडते तसा बाजूले उघडला. मी पळत गेलो तर हा मातीत पडल्या पडल्या म्हने, "यायलेबी कोनीतरी सांगतलं असन." तीस वर्षांचा होता. त्याचा खेळ तिथी संपला.

मंग चिखलीच्या बाजार समितीत हमाली. जयमालासंग लग्न झालं. आमची ही वहिनी लय तिखट. पहिल्याच महिन्यात तिनं त्याचे बूट चुलीत घातले. एक पोरगी झाली, अर्पिता. ती आठ वर्षांची असन, बाप पोतं उचलत होता आन पोत्यातून एक कांदा घरंगळला. पोट्टीनं तो कांदा पायानं घेतला आन चार हमालायच्या पायातून काढून पार भिंतीपर्यंत नेला. जानरावनं पोतं खाली टाकलं आन लंगडत माह्या जीपपाशी आला. त्याचं तोंड उतरलं होतं.

"अविनाश, पोट्टी धम्मरत्नवानी पाय टाकते."

"मंग टाकू दे ना. तुह्यावानी टाकत नाही ते बरं आहे," मी म्हटलं.

तिले त्यानंच शिकवलं. पोते उभे करून त्यायच्या मधातून बॉल काढाले लावे. नियम एकच, कोनाच्या पायाले पाय लागला नाही पाहिजे. चुकून लागला तर आठ दिवस बॉल बंद. सब्बलनं हे शिकवावं, लोकं हसत. तो मले म्हने, "ही धड पायानं पुढं गेली ना अविनाश, तर मले झोप लागन." सत्त्यान्नवपासून त्याले झोप नव्हती, हे मले त्या दिवशी कळलं. पोट्टीनं राज्याच्या कॅम्पले जावं, एवढी एकच गोष्ट त्याले पाहिजे होती.

मागच्या वर्षी बुलढान्याले शाळेच्या पोरीयच्या मॅचेस होत्या. त्यातूनच कॅम्पसाठी निवड होनार होती. अर्पिता सोळा वर्षांची. शाळेनं तिले जर्सी दिली ती सात नंबरची. चिखलीच्या पोरी माह्याच जीपमधी, आन जानराव माह्या बाजूले बसला. समोर होती देऊळघाटची शाळा. त्यायचे पीटीचे सर आन कोच कोन, तर धम्मरत्न. निवड करनाऱ्या तिघायमधी एक तोच.

तो काठी टेकत आमच्या जीपपाशी आला. सत्तावीस वर्षांनी दोघं समोरासमोर.

"जयभीम, जानराव," तो म्हने.

जानरावनं त्याच्या तोंडाकडे पाह्यलं नाही, पायाकडे पाह्यलं.

"ती सात नंबर तुही पोरगी का?"

"हाव, त्याचीच," मीच म्हटलं. धम्मरत्ननं मान हलवली आन गेला.

जानराव माह्या दंडाले धरून म्हने, "आज तो तिले यादीतून काढन. काऊन नाही काढाचं त्यानं? मी त्याच्या जागी असतो तर काढलं असतं."

"गप बस बे. सगळे तुह्यावानी नसतात," मी त्याले झापलं.

काय खेळली पोट्टी त्या दिवशी. पहिल्या हाफमधी दोन गोल. समोरच्या पोरी पडत, ही त्यायच्यावरून उडी मारून जाये, कोनाले धक्का नाही. मले सत्त्यान्नवचा धम्मरत्न दिसून राह्यला होता आन माह्या डोळ्यात पानी आलं. दुसऱ्या हाफले धम्मरत्ननं आपली बॅक डिंपल हिले लाइनपाशी बोलावलं. चांगली धिप्पाड पोरगी. आम्ही दहा पावलांवर उभे. शाळेच्या पोट्ट्यायनं पिपान्या वाजवून कान फोडले होते. त्या गोंगाटातून एवढंच कानावर आलं.

"डिंपल, त्या सात नंबरले..." मंग पिपानी. मंग "...पाहून घेजो."

मीबी तेवढंच ऐकलं. यावख्ती मी खोटं बोलत नाही. माह्या अंगावर काटा आला. पन मी थांबलो, मी विचार केला. विचार कराले मानसाले दोन सेकंद लागतात. जानरावनं ते दोन सेकंद घेतले नाही. त्याचा डावा खांदा झुकला. मी मांगून त्याचा शर्ट धरला, शर्टाची पाठ फाटून माह्या हातात आली.

पन्नाशीचा, एका गुडघ्याचा मानूस, पन तो गेला तसाच, दोन्ही पायानं, बूट वर. धम्मरत्न पाठमोरा होता. तोच पाय. तोच आवाज, फक्त त्यात आता लोखंडाचा कर्रकन आवाज मिसळला होता. काठी उडून लाइनवर पडली. जानराव त्याच्या छातीवर बसला आन तोंडावर बुक्क्या मारत सुटला. "पोरीले नाही. पोरीले नाही." प्रत्येक बुक्कीले एवढंच. धम्मरत्नच्या ओठातून रक्त आलं, दात आले. मी जानरावच्या गळ्यात हात घालून त्याले मांगं फेकलं आन त्याच्या पोटात लाथ घातली. आयुष्यात मी कोनाले मारलेली ती पहिली लाथ. मंग देऊळघाटचे मायबाप खुर्च्या घेऊन आले. त्यायनं त्याचं डोकं फोडलं, आन मी आडवा गेलो नाही.

अर्पिता मैदानाच्या मधात बॉलवर पाय ठेवून उभी होती. ती पळत आली. बाप जमिनीवर पडला होता, त्याच्या बाजूनं गेली, त्याच्याकडे पाह्यलं नाही. धम्मरत्नच्या पायापाशी बसली, आपल्या नडग्यायच्या पट्ट्या काढल्या, दोन्ही बाजूनं लावल्या आन आपल्याच मोज्यायनं पाय बांधला. डिंपल सरायचं डोकं मांडीवर घेऊन रडून राह्यली होती.

"काय म्हटलं होतं सरानं तुले?" मी तिले विचारलं.

"सर म्हने, त्या सात नंबरले नीट पाहून घेजो. पाय कसा टाकते ते पाह्य, आन घरी जाऊन तसंच करून पाह्य."

जानराव तोंडातली माती थुंकत होता. त्यानं ऐकलं, आन तो तिथीच मातीत तोंड घालून पडून राह्यला. पोलिसायनं उचललं तेव्हाच उठला.

मॅच रद्द झाली. केस झाली. बारा दिवस जानराव आत होता. बाकीचे दोघं निवडवाले म्हने, अशा बापाच्या पोरीचं नाव कसं ठेवाचं. धम्मरत्ननं खाटेवरून निरोप धाडला, नाव राहीन. ज्याचा पाय मोडला तोच असं म्हनते, मंग बाकीचे काय बोलतीन? यादी लागली. कॅम्प नागपूरले होता.

जानराव सुटल्यावर म्हने, मले दवाखान्यात ने. मी नेलं. धम्मरत्नचा पाय वर टांगला होता, तोंड सुजलेलं. जानराव खाटेची दांडी धरून उभा राह्यला.

"धम्मरत्न, मले वाटलं का तू त्या पोरीले..."

"मले माहीत आहे तुले काय वाटलं," धम्मरत्न म्हने. दात गेले होते म्हनून शब्द सावकाश येत होते. "जानराव, त्या वख्ती तुले सरानं सांगतलं होतं. सत्तावीस वर्षं मी सरायले शिव्या दिल्या. तुले नाही दिल्या. यावख्ती तुले कोनं सांगतलं?"

जानरावनं तोंड उघडलं. कोनाचंच नाव आलं नाही. त्याचं नाक फुटलेलं मी पाह्यलं, बरगड्या मोडलेल्या पाह्यल्या, गुडघा उघडलेला पाह्यला, तो कधी रडला नव्हता. त्या दिवशी तो दांडी धरून खाली बसला आन लेकरावानी हुंदके देऊन रडला. धम्मरत्ननं तोंड भिंतीकडे केलं. मी त्याले उचलून बाहेर आनलं.

अर्पिता बापासंग बोलत नव्हती. ती माह्यापाशी आली. "काका, मी नागपूरले जाईन. पन बाबा ग्राउंडवर दिसले तर मी तिथीच बूट काढून ठेवीन. त्यायले सांगा." मी सांगतलं. जानराव म्हने, "बरोबर आहे तिचं."

जाच्या दिवशी मीच त्यायले नेत होतो. मांगं अर्पिता आन जयमाला वहिनी. बाजार समितीच्या गेटपाशी जानराव उभा होता, अंगावर पोत्याचा भुसा. तो जीपच्या मांगच्या बाजूले आला नाही. माह्या खिडकीपाशी आला आन काचेवर हात ठेवला.

"अविनाश, तिले..." तो थांबला. तो शब्द त्याच्या तोंडात अडकला. मंग म्हने, "तिले पाहून घेजो."

"हाव," मी म्हटलं. "पाहून घेतो."

त्यानं काचेवरून हात काढला. मी गाडी गेअरमधी टाकली. मांगच्या सीटवर अर्पिता सरळ समोर पाहून राह्यली होती.